घरची कात्री, घरची इस्त्री



केस घरीच कसे कापता आणि घरीच सरळ कसे करता, हे मला बस्तीच्या पायरीवर, भाजीच्या गाड्यापाशी आणि हल्ली फोनवरसुद्धा विचारलं जातं. आज ते एकदाचं लिहूनच टाकते. पण नुसती कृती लिहून भागणार नाही. यंदा आमच्या घरात केसांवरूनच मोठा विषय झाला. माझ्या भाचीचं लग्न जमवायचं चाललंय. तिचे केस कुरळे, अगदी मुळापासून टोकापर्यंत. आणि एका मध्यस्थ काकूंचा निरोप आला, "मुलगी छान आहे, केस तेवढे सरळ करून घ्या." तेव्हा कृती आधी सांगते, तो विषय मागून.

कात्रीपासून सुरुवात करू. दुधाची पिशवी फोडायची किंवा ब्लाउजपीस कापायची कात्री केसांना लावू नका. बोथट कात्री केस कापत नाही, चिरडते, आणि चिरडलेल्या टोकाला लवकरच पुन्हा फाटे फुटतात. केसांची छोटी कात्री वेगळी मिळते, ती घ्या आणि तिने दुसरं काहीही कापू नका. मी माझी फणीच्या डब्यात ठेवते, म्हणजे ती स्वयंपाकघरात जातच नाही.

किती कापायचं? अर्धा इंच. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे अर्धा इंच ही एका महिन्याची वाढ झाली. एवढंच कापलं तर काही वाकडंतिकडं झालं तरी महिन्याभरात निस्तरतं. फाटे फुटलेलं टोक तेलाने किंवा कुठल्याही क्रीमने पुन्हा सांधत नाही. ते फक्त चिकटून बसल्यासारखं दिसतं, आणि न कापता ठेवलं तर चीर वर वर चढत जाते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी थोडंसं कापणं बरं.

केस सरळ किंवा थोडे लाटदार असतील तर असं करा. गुंता पूर्ण काढा. केस किंचित ओलसर ठेवा, पण निथळते नकोत. ओला केस ताणला जातो, लांब दिसतो, आणि वाळल्यावर आपण धरलं होतं त्यापेक्षा आखूड होऊन बसतो. मधोमध भांग पाडून दोन भाग करा आणि दोन्ही भाग खांद्यावरून पुढे घ्या. प्रत्येकाला मानेपाशी एक रबर आणि टोकाच्या वर दोन इंचांवर दुसरा. आरशात बघून दोन्ही खालचे रबर एका रेषेत आणा. मग कात्री आडवी न धरता उभी धरायची, टोकं वरच्या दिशेने, आणि थोडं थोडं टिपत जायचं. आडव्या कात्रीने एकदाच कापलं की पायरी दिसते, उभ्या कात्रीने टिपलं की चूक लपते. केस सोडल्यावर मागे हलका गोलसर आकार येतो. अगदी पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ हवी असेल तर मागून कुणाला तरी बघायला सांगा. आमच्याकडे ते काम जाऊबाईंचं.

कुरळ्या केसांना हे चालत नाही. ते कोरडेच कापायचे, एकेक वळी बोटात धरून, तिचं टोक जिथे पातळ आणि खरखरीत झालंय तेवढंच. ओले कापले तर वाळल्यावर एक वळी कानापाशी आणि दुसरी खांद्यावर असा प्रकार होतो.

जागा कुठली? गॅलरी किंवा न्हाणीघर, खाली जुना कागद. स्वयंपाकघराच्या जवळपास नकोच. आपल्याकडे महाराजांच्या नाहीतर माताजींच्या आहाराचा चौका लावताना केस घट्ट बांधून डोक्यावर पदर कशासाठी घेतात हे तुम्हाला सांगायला नको. घासात केस निघाला की अंतराय. दिवसातून एकदाच घ्यायचा आहार, आणि तो आपल्या एका केसाने थांबायचा. ती धास्ती एकदा अंगात मुरली की केस कापून झाल्यावर झाडू दोनदा फिरतोच.

आणखी एक. घरात शाळेतली मुलगी असेल तर आधी फणी फिरवून बघा. डोक्यात ऊ-लीख असताना गरम इस्त्री फिरवणं आपल्याला परवडणारं नाही. पांढऱ्या कपड्यावर सावकाश विंचरा, दोन-चार दिवस लागतील, लागू देत.

आता केसांना लावायचं काय ते. मोबाइलवर केसांचा कुठलाही उपाय बघा, पहिला कांद्याचा रस, दुसरं अंडं, तिसरा मध, चौथा बटाट्याचा रस. आपल्या घरात यातलं काहीच नसतं! कोरफड तरी लावावी म्हटलं तर अनंतकाय म्हणून अनेकजणी तीही घेत नाहीत. मेथी भिजवून दह्यात वाटा, असं एकीने सुचवलं. खायचं नाही, डोक्याला लावायचं आहे, हे कळत असूनही दही आणि मेथी एका वाटीत बघितली की द्विदल आठवतं आणि हात थांबतो. मग राहतं काय? भरपूर राहतं. खोबरेल, शिकेकाई, रिठा, आवळकाठी, तांदळाची पेज आणि जवस.

जवसाचं सांगते, कारण मला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झालाय. दोन मोठे चमचे जवस, दोन कप गाळलेलं पाणी, मंद आचेवर. चमचा उचलला की तार धरायला लागलं की लगेच उतरवा आणि गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा. गार झाल्यावर ते इतकं घट्ट होतं की गाळता येत नाही. ओलसर केसांना हे लावून रुंद दातांच्या कंगव्याने खाली ओढत विंचरलं की केस बसतात, भुरभुर कमी होते आणि कुरळ्या केसांची वळी सुटी-सुटी, नीट दिसते. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं म्हणतात, पण मी लागेल तेवढंच करते आणि त्याच दिवशी संपवते. उरलेलं शिळं ठेवायची सवय आपल्याला नाहीच.

आता इस्त्री, म्हणजे स्ट्रेटनर. ती का काम करते हे कळलं की ती कशी वापरायची ते आपोआप कळतं. केस बनतो केराटिन नावाच्या प्रथिनाचा. त्याचे धागे एकमेकांना दोन प्रकारच्या बंधांनी धरलेले असतात. एक बंध कच्चा. तो पाण्याने किंवा उष्णतेने सुटतो आणि केस ज्या स्थितीत वाळेल किंवा गार होईल त्या स्थितीत पुन्हा जुळतो. त्याला हायड्रोजन बंध म्हणतात. रात्री ओली वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा येतात ते त्यामुळेच. दुसरा बंध पक्का, गंधकाचा. केस सरळ की कुरळे, हे बरंचसं तो ठरवतो आणि तो घरच्या उष्णतेने किंवा पाण्याने सुटत नाही.

इस्त्री फक्त कच्च्या बंधाशी खेळते. म्हणून तिने सरळ केलेले केस पाणी लागेपर्यंत सरळ राहतात. भाद्रपदातल्या दमट हवेत, इथे विश्रामबागमध्ये पावसाची सर येऊन गेली की, पाणी न लागताही अर्ध्या तासात परत उठतात. त्यात बिघडलं काहीच नाही, केसाने आपला स्वभाव धरला एवढंच.

वापरायची ती अशी. केस धुऊन पूर्ण वाळवा, ओल अजिबात नको. ओल्या केसावर गरम पट्टी ठेवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या आत बुडबुडे पडतात, तो केस तिथेच तुटतो. चुर्र असा आवाज आला तर थांबा. तापमानाचा आकडा दिसणारी इस्त्री घ्या. पातळ केसांना १५० अंश पुरे, जाड केसांना १८०. दोनशेच्या वर जायची काही गरज नाही. केसांचे चार भाग करा, एकेका भागातून इंचभर रुंदीची बट घ्या, मुळापासून बोटभर अंतर सोडून एकदाच सावकाश खाली आणा. एकाच बटेवरून पाच वेळा घाईत फिरवण्यापेक्षा एकदा नीट फिरवणं चांगलं. हे महिन्यातून एक-दोनदा, कार्यक्रम असेल तेव्हाच. रोजची इस्त्री कपड्यांना, केसांना नाही.

इस्त्री नसेल तर आमच्या आईची पद्धत आहे. ओलसर केस एका बाजूने डोक्याभोवती सपाट गुंडाळायचे, पिना लावायच्या, वरून सुती ओढणी घट्ट बांधायची आणि पूर्ण वाळू द्यायचे. सकाळी सोडले की बऱ्यापैकी सरळ होतात, आणि वीज लागत नाही.

हे झालं एका दिवसाचं सरळपण. भाचीला सांगितलं होतं ते मात्र कायमचं.

कायमचं म्हणजे तो पक्का, गंधकाचा बंध तोडायचा. रिबाँडिंगमध्ये एका रसायनाने तो बंध सोडवतात, केस इस्त्रीने ताणून सरळ करतात आणि दुसऱ्या रसायनाने बंध नव्या जागी पुन्हा बांधतात. एवढं करूनही मुळातून येणारा केस कुरळाच येतो, म्हणून सहा-आठ महिन्यांनी परत तेच. केराटिन किंवा स्मूदनिंग म्हणून जे करतात त्याची तऱ्हा वेगळी. आपल्या दृष्टीने त्यात पहिली अडचण नावातच आहे. बाटलीतलं केराटिन बहुधा लोकर, पिसं, शिंगं, खूर यांतून काढतात. सिल्क प्रोटीन असेल तर ते रेशमाच्या किड्याचं. काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे ही चांगली गोष्ट, पण त्यामुळे बाटलीत काय आहे ते बदलत नाही. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचायलाच हवीत.

दुसरी अडचण शरीराची. अशा अनेक क्रीममधून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच ते माणसात कर्करोग घडवणारं ठरवलंय. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ३३,४९७ स्त्रियांच्या अभ्यासात असं दिसलं, की वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून अधिक होतं. सत्तरीपर्यंत हा आजार होण्याचा अंदाज न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. रसायनांमुळेच झाला हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. फॉर्मल्डिहाइडची बदनामी झाल्यावर ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं लिहिलेली क्रीम आली. त्यातल्या काहींत ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं. २०२४ च्या मार्चमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ट्युनिशियातल्या २६ वर्षांच्या मुलीची हकीकत छापून आली. तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. संशोधकांनी त्या क्रीमची उंदरांवर परीक्षा केली, तेव्हा मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे साचलेले दिसले. उंदरांचं वाचून मला वाईटच वाटलं, पण कळलेली गोष्ट न वापरणं हेही बरोबर नाही.

माझी भाचीही सव्वीसचीच.

आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, पार्लरमध्ये वेळ घेऊनही टाकली होती. साडेसहा हजार रुपये. आदल्या शनिवारी भाची माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, मला नाही करायचंय. पण आईपुढे मी काय बोलू? दोन ठिकाणांहून नकार आलाय, तिला रात्री झोप लागत नाही." मी आक्काला फोन केला. ती चिडली नाही, रडवेली झाली. म्हणाली, "एकदा लग्न होऊन जाऊ दे गं. मग कुरळे ठेव, नाहीतर काही ठेव." आईची भीती खोटी नसते. मुलीचं वय, लोकांचं बोलणं, पत्रिका, फोटो, सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर असतं. मी एवढंच विचारलं, "आक्का, सहा महिन्यांनी मुळातून कुरळे आले की त्या घरच्यांना काय सांगायचं?"

ती गप्प झाली. कारण आमच्या दोघींच्याही डोक्यात एकच शब्द आला होता, मायाचार.

दशलक्षणात तिसऱ्या दिवशी आपण उत्तम आर्जव म्हणतो. आर्जव म्हणजे ऋजुता, सरळपणा. मनात एक, बोलण्यात दुसरं, करण्यात तिसरं असं नसणं. त्याच्या उलट ती माया, वाकडेपणा. दहाव्या शतकातल्या आचार्य नेमिचंद्रांच्या ‘गोम्मटसारा’त या वाकडेपणाच्या चार पायऱ्या चार उपमांनी सांगितल्यात. सगळ्यात वाईट बांबूच्या मुळासारखी, काही केलं तरी सरळ न होणारी. मग मेंढ्याच्या शिंगासारखी. मग गाय चालता चालता मुतते त्या नागमोडी रेघेसारखी. आणि सगळ्यात सौम्य खुरप्याच्या वाकासारखी. पहिली नरकगतीला नेते, दुसरी तिर्यंचगतीला, तिसरी मनुष्य आणि चौथी देवगतीला. मेंढ्याचं शिंगही केराटिनचंच, आपल्या केसांसारखं, हे मला अलीकडेच कळलं. पण आचार्यांना वाकडं म्हणायचं होतं ते मनाला, शिंगाला नाही. कुरळा केस वाकडा नाही. कुरळा केस लपवून लग्न जमवणं वाकडं.

आणि कुरळ्या केसांत कमीपणा कसला? ज्यांच्यापुढे आपण डोकं टेकवतो त्यांच्या मूर्ती जरा निरखून बघा. तीर्थंकरांच्या मस्तकावर बारीक बारीक वळ्या कोरलेल्या असतात. जुन्या मूर्तींत आदिनाथ ओळखायचे तेच खांद्यावर उतरलेल्या बटांवरून. नेमिचंद्रांचे शिष्य चामुंडराय यांनी इसवी सन ९८१ च्या सुमारास श्रवणबेळगोळला ५७ फुटी गोम्मटेश्वर उभा केला, त्याचेही केस कुरळेच. बारा वर्षांनी अभिषेकाला जाऊन आपण त्या वळ्यांवरून दूध वाहताना बघतो आणि घरी येऊन पोरीला म्हणतो, केस सरळ करून घे.

दुसऱ्या टोकाची गोष्टही मी आक्काला सांगितली. आपल्या महाराजांना केस सरळ की कुरळे याचं सोयरसुतकच नाही. दोन महिन्यांनी केशलोच करणं उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम, चार महिन्यांनी जघन्य, त्या दिवशी उपवास, आणि हाताने उपटायचे. कुणाकडे वस्तरा मागायचा नाही, केस वाढून जीवजंतू होऊ द्यायचे नाहीत, देहाचा मोह ठेवायचा नाही. आर्यिका माताजींनाही लोचच. क्षुल्लक-क्षुल्लिकांना कात्रीची मोकळीक. १९२४ मध्ये आपल्या सांगलीशेजारच्या समडोळीत शांतिसागर महाराजांना आचार्यपद दिलं गेलं, तेव्हापासून या भागातल्या किती घरांनी केशलोच डोळ्यांनी बघितलाय. आपण संसारी माणसं, आपल्याला तेवढं जमणार नाही. पण त्यातलं स्वावलंबन थोडंसं घेता येतं. आपले केस, आपला हात, आपली कात्री. कुणाच्या ‘करून घ्या’ला बांधील नाही.

भाचीची पार्लरची वेळ रद्द झाली. मी तिचे केस गॅलरीत बसवून कोरडेच कापले, जवस लावला, आणि परिचयपत्रासाठी तिच्या भावाने तसाच फोटो काढला, मोकळ्या कुरळ्या केसांचा. ज्या काकूंनी निरोप दिला होता त्यांचा पुन्हा फोन आलेला नाही. एका दुसऱ्या घरचा आलाय, बोलणं चालू आहे, पुढचं पुढे. आक्काला अजून रात्री झोप कमीच लागते. पण परवा म्हणाली, "फोटो चांगला आलाय हं."

गंमत म्हणजे मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या लग्नाला जाताना भाचीनेच माझ्याकडून केस इस्त्रीने सरळ करून घेतले. "मावशी, आज बदल म्हणून." मी आनंदाने केले. हौस म्हणून एका दिवसासाठी सरळ करणं आणि कुणी नापसंत करेल म्हणून कायमचं बदलून घेणं, यात फरक आहे, आणि तो फरक तिला कळतो. दुसऱ्या दिवशी न्हाल्यावर वळ्या परत जागेवर.

तर मैत्रिणींनो, दशलक्षण जवळ आलंय. ज्यांना टोकं कापायची असतील त्यांनी पर्वाच्या आधीच कापून घ्या, म्हणजे त्या दहा दिवसांत केसांचा विचारच नको. कात्री चांगली घ्या, अर्ध्या इंचावर थांबा आणि झाडू दोनदा फिरवा.

जय जिनेंद्र.